छोटं मोटरहोम घ्यायचं डोक्यात आहे, बेळगावात जमतंय काय? (पाऊस, आरटीओ, एसी सगळंच विचारतोय)

वडगावकर_२२

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुस्तं वाचत बसलोय, आज विचारूनच टाकतो. घरात आम्ही पाचजण, मी, मिसेस, दोन पोरं आणि आई. आईचे गुडघे गेलेत, लॉजचा जिना म्हटला की नकोच म्हणते, आणि वाटेत बाथरूमची पंचाईत होते म्हणून तिचं निम्मं फिरणं बंद झालंय, पंढरपूर म्हणू नका गणपतीपुळे म्हणू नका, कुठं जायचं म्हटलं तरी पहिला प्रश्न तोच. म्हणून डोक्यात आलंय की छोटं मोटरहोम करावं. मोठी बस नको, घाटात वळेल आणि दोघांना झेपेल असं.

कोल्हापूर साईडला एक जुनी फोर्स ट्रॅव्हलर बघितलीय, ३०५० व्हीलबेस, पिवळा बोर्ड, मालक म्हणतोय इंजिन एकदम कडक. बॉडी हल्लीच रंगवल्यागत वाटली. दुसरा विचार म्हणजे ईको घ्यायची आणि तिच्यातच गादी टाकायची. तिसरा म्हणजे तयार केलेली विकत घ्यायची पण रेट ऐकून घाम फुटला.

आता प्रश्न. एमएच गाडी केए २२ करून वर मोटरहोम म्हणून पास करून घेणं कितपत डोकेदुखी आहे? पावसाळ्यात गाडी जवळजवळ उभीच राहणार, आमच्या गल्लीत तर जागाच नाही, येळ्ळूर रोडला मेव्हण्याचा प्लॉट आहे तिथं उघड्यावर लावली तर चालेल काय? आणि एसी बॅटरीवर रात्रभर चालतो म्हणून व्हिडिओत दाखवतात ते खरं काय? वळीव सुरू झालेत, मृगाच्या आत काय ते ठरवायचंय. ज्यांच्याकडं आहे त्यांनी सांगा, ज्यांच्याकडं नाही ते तर सांगणारच.

---

निपाणीचा_पाव्हणा

अण्णा, पाच माणसं आणि ईको हे गणित सोडून द्या. माझ्याकडं ईको हाय, मागची सीट काढून फळी टाकलीय, फळीखाली दोन क्रेट आणि शेगडी. आम्ही दोघं मस्त झोपतोय. पण आत उभं राहता येत न्हाई, पँट घालायची तर आडवं पडूनच घालावी लागते, आणि पाऊस लागला की दोघंबी आत गुडघ्याला गुडघा लावून बसायचं. तुमच्या आईस्नी त्यात वाकून सरकायला सांगणार काय? नका.

ईकोचा फायदा एवढाच की सोमवारी तीच गाडी कामाला जाते, उभी राहून कुजत न्हाई. ट्रॅव्हलर तुम्ही रोज भाजीला नेणार न्हाई. हे आधी नीट डोक्यात घ्या. आणि घ्यायच्या आधी एकदा भाड्यानं घेऊन दोन रात्री राहून बघा, तेबी पावसात. उन्हाळ्यात सगळ्याच गाड्या झकास वाटतात वो.

---

उद्यमबागचा_वेल्डर

रंगवलीय असं तुम्हीच लिहिलंय मग अर्धं उत्तर तुमच्याकडंच आहे. जुन्या ट्रॅव्हलरला कोण हौसेनं रंगवत नाही. खिशात एक लोहचुंबक घेऊन जा, चाकावरचा गोल भाग, पायरीखालचा पत्रा, मागच्या दाराची खालची कड आणि पुढच्या काचेच्या रबराखाली फिरवा. जिथं चुंबक धरत नाही तिथं पत्रा नाही, पुट्टी आहे. मॅट उचलायला लावा, मालक नको म्हणाला तर तिथनंच परत या.

आता मेन गोष्ट, गळती. आमच्याकडं कॅम्परचं काम येतंय ते निम्मं गळतीचंच येतंय, इंजिनाचं नाही. पाणी जिथं आत येतंय तिथं कधीच दिसत नाही, ते छताच्या चॅनलमधनं चार-पाच फूट पुढं सरकतंय आणि मग भलत्याच कोपऱ्यात टपकतंय. म्हणून टेस्ट अशी करायची. आतलं छताचं अस्तर एका बाजूनं खोलायचं, एक माणूस टॉर्च घेऊन आत, दुसरा बाहेर पाईप घेऊन. पाणी खालनं वर न्यायचं, आधी खिडकीची खालची कड, मग वरची, मग पागोळी, शेवटी छत. प्रत्येक जागी पाच मिनिटं. एकदम छतावर पाईप सोडला तर सगळीकडनंच पाणी येतंय आणि काय कळत नाही. छतावर पंखा किंवा सोलर बसवताना भोक पाडलं की फ्लँजखाली ब्युटाईल टेप, वर पॉलियुरेथेन सीलंट. नुस्तं सिलिकॉन फासून देणारे बरेच आहेत, त्यावर रंगही बसत नाही आणि पुढं सोलून दुसरं सीलंट लावायचं तर तेही धरत नाही.

फर्निचरला साधं ३०३ प्लाय नको, ७१० मरीन घ्या, आणि कापलेल्या कडा सुद्धा सील करून घ्या, पाणी कडेनंच पितंय. इन्सुलेशनला ग्लासवूल अजिबात नको, आपल्याकडच्या दमटपणात ते ओलं होऊन पत्र्याला चिकटून बसतंय आणि आतनं गंज धरतोय, वरनं काय दिसत नाही. बंद पेशीचा, पाणी न पिणारा फोम घ्या, पत्र्याला पूर्ण चिकटवून, मधे पोकळी न ठेवता.

वजनाचं कोण बोलत नाही म्हणून मी बोलतो. आरसीवर जीव्हीडब्ल्यू, म्हणजे भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन, लिहिलेलं असतंय. १०० लिटरची पाण्याची टाकी म्हणजे १०० किलो, मग बॅटऱ्या, प्लाय, पाच माणसं, आईंची कमोडची सोय, पोरांच्या सायकली. टाकी आणि बॅटरी मागच्या ॲक्सलच्या आसपास खाली बसवायची, शेपटीत नाही. काम झालं की पाणी डिझेल भरून, माणसं बसवून वजनकाट्यावर घाला, आपल्याकडं ऊसपट्ट्यात काट्यांना काय तोटा आहे. पुढचा ॲक्सल आणि मागचा ॲक्सल वेगळं वेगळं वजन करा.

---

वडगावकर_२२

बापरे, चुंबकाचं डोक्यातच नव्हतं. बघताना मॅट खाली तशीच होती हो, उचललीच नाही कुणी. एसीचं पण सांगा की, त्याच्यावरनं घरात भांडण आहे.

---

उद्यमबागचा_वेल्डर

हिशोब मांडतो, भांडण तुम्ही मिटवा. २०० एएचची लिथियम फॉस्फेट बॅटरी, १२.८ व्होल्ट, म्हणजे साधारण २५६० वॉट-अवर. एक टनाचा इन्व्हर्टर एसी हजार वॉटच्या आसपास ओढतो, मधला लॉस धरून दोन-सव्वादोन तास. संपलं. रात्रभर दाखवतात त्यांच्या गाडीत बॅटऱ्याच ह्याच्या कितीतरी पट मोठ्या असतात नाहीतर बाहेरच्या लाईटची वायर लावलेली असते, ती कॅमेऱ्यात येत नाही.

त्याच बॅटरीवर १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रीज दिवसाला पाचशेच्या आसपास, दोन पंखे रात्रभर तीनशे-साडेतीनशे, लाईट, मोबाईल, पंप धरून हजाराच्या आत दिवस जातो. म्हणजे दोन रात्री आरामात. छतावर ४०० वॉट सोलर असेल तर कडक उन्हात भरून पण निघते. पण कणकुंबीला जुलैत जाऊन सोलर सोलर करू नका, तिथं दिवसभर दिवा लावावा लागतो. त्यासाठी चालत्या इंजिनवर चार्ज करणारा डीसी-डीसी चार्जर लावाच, थेट अल्टरनेटरला लिथियम जोडू नका, अल्टरनेटर तापून जातो.

इंडक्शन पण लोक हौसेनं मागतात. दीड हजार वॉट १२ व्होल्टवर म्हणजे सव्वाशे अँपिअरच्या वर, वायर अंगठ्याएवढी लागते आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. त्यापेक्षा पाच किलोचा छोटा सिलिंडर बरा, पण तो वेगळ्या पेटीत, आणि पेटीच्या तळाला बाहेर उघडणारं भोक पाहिजेच. गॅस हवेपेक्षा जड, गळला की खाली साचतो, वरच्या खिडकीचा उपयोग शून्य.

---

टिळकवाडीची_अक्का

आमच्याकडे ट्रॅव्हलरचीच केलेली आहे, मिस्टर रिटायर झाल्यावर घेतली, त्यामुळे थोडं लांबण लावते, सांभाळून घ्या.

वडगावकर, तुमच्या आईंसाठी घेताय ना, मग आधी पायरी बघा. ट्रॅव्हलरची पहिली पायरी जमिनीपासून बरीच उंच असते, गुडघेदुखीवाल्याला तिथेच घाम फुटतो. आम्ही खाली एक रुंद घडीची पायरी केली आणि दाराच्या आत दोन्ही बाजूंना दांडे लावले, एका बाजूचा दांडा उपयोगाचा नाही, उतरताना हात बदलावा लागतो. टॉयलेट कॅसेटचं, म्हणजे खालची टाकी काढून रिकामी करायचं आहे, वीसेक लिटरचं, आणि आमच्याकडे नियम आहे की ते फक्त रात्री आणि अडीअडचणीला. दिवसा पेट्रोल पंपाचं किंवा देवस्थानचं. नाहीतर पाच जणांत ती कॅसेट एका दिवसात भरते आणि रिकामी कुणी करायची यावरून घरात अबोला. रिकामी फक्त संडासात करायची, शेताच्या बांधाला किंवा गटारीत नाही, लोक बघत असतात आणि मग पुढच्या गाडीला त्या गावात कुणी उभं करून घेत नाही. सीलला खोबरेल किंवा ग्रीस लावू नका, रबर फुगतं, सिलिकॉनचा स्प्रे मारा.

आता उभ्या गाडीचं. माझं स्पष्ट मत आहे की आपल्या भागात मोटरहोम फिरून खराब होत नाही, उभं राहून होतं. जूनपासून पुढचे तीन-चार महिने खरी परीक्षा. उघड्या प्लॉटवर ताडपत्री गुंडाळून ठेवणार असाल तर ती ताडपत्री आधी फेकून द्या. आतला दमटपणा बाहेर जात नाही, श्रावणात दार उघडलं की नाकात बुरशी जाते. वर पत्रा आणि चारी बाजू मोकळ्या अशी शेड मारा, दोन बाजूंना उतार. गाद्या उभ्या करून ठेवायच्या, खालच्या फळ्यांमध्ये फटी ठेवायच्या, कपाटांची दारं उघडी, फ्रीजचं दार मधे कापड घालून उघडं. छताचा व्हेंट जाळीसकट थोडा वर.

हँडब्रेक ओढून पावसाळाभर ठेवली तर मागचे ब्रेक ड्रमला चिकटतात, मग ती हलत नाही आणि मेकॅनिकला प्लॉटवर बोलवावं लागतं. पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चारी चाकांना दगड. आठवड्यातून एकदा तरी काढायची, नुसती जागेवर चालू करून बंद करण्यात अर्थ नाही, पिरनवाडीपर्यंत जाऊन या, ब्रेक दाबून वाळवून आणा. बीएस ६ ची डीपीएफवाली (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर मग हायवेलाच न्या. टायरवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, जुन्या गाडीला नक्षी छान दिसते आणि टायर मात्र म्हातारे असतात.

आणि उंदीर! हे कुणी सांगत नाही. एका पावसाळ्यात सिंकखालची वायर आणि पंपाचा पाईप दोन्ही कुरतडून ठेवले होते.

---

निपाणीचा_पाव्हणा

अक्का, उंदराला तंबाखू टाका, बॉनेटमधी आणि सीटखाली फडक्यात बांधून. आमच्याकडं सगळे तेच करतात. पाहिजे तर पोतंभर पाठवतो, गावात दुसरं काय हाय.

---

टिळकवाडीची_अक्का

पाठवा, पण मिस्टरांच्या हाती देऊ नका.

---

चिक्कोडी_कागदवाला

कागदाचं मी सांगतो, हेच काम रोज बघतो.

गाडी एमएचची आणि तुम्ही कर्नाटकात राहणार, तर मोटर वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणं १२ महिन्यांच्या वर ठेवायची असेल तर इथला नंबर घ्यावाच लागतो. त्यासाठी तिकडच्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८, गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सवाल्याचं लेटर. इथला टॅक्स भरावा लागेल, आणि तिकडं भरलेला टॅक्स परत मागायचा अर्ज वेगळा. गाडी पिवळ्या बोर्डाची म्हणजे परमिट सरेंडर झालंय काय, जुन्या टॅक्सची थकबाकी, दंड आहे काय हे पैसे द्यायच्या आधी ऑनलाईन बघा. मालक ‘होऊन जाईल’ म्हणाला तर एनओसी हातात आल्यावरच बाकी रक्कम.

आता मोटरहोम करणं. इथं लोक गडबड करतात, आधी बॉडी करतात आणि मग आरटीओला जातात. कलम ५२ प्रमाणं आरसीत लिहिलेलं कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळं होईल असा बदल चालत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं पण तेच सांगितलंय. परवानगीशिवाय बदल केला तर कलम १८२ए खाली एका बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. मोटर कॅरव्हॅनसाठी, म्हणजे मोटरहोमसाठीच, एआयएस १२४ म्हणून वेगळं स्टँडर्ड आहे. म्हणून आधी लेखी अर्ज, ड्रॉईंग, मग काम. आणि ज्या बिल्डरकडं ह्याची मंजुरी आहे त्याच्याकडनंच करा, कमी पैशात गल्लीत करून देणारा तुम्हाला कागद देत नाही. आरसीवर शेवटी क्लास ‘कॅम्पर व्हॅन, प्रायव्हेट यूज’ असा यायला पाहिजे. इन्शुरन्सवाल्याला पण बदल लेखी कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी हात वर करतात.

लायसनची काळजी नको, एलएमव्हीवर, म्हणजे हलक्या गाडीच्या लायसनवर चालते. मधे पिवळ्या बोर्डाची चालवायची असेल तरी ७५०० किलोच्या आतली एलएमव्ही लायसनवर चालवता येते असं घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय.

---

उद्यमबागचा_वेल्डर

कागदवाले म्हणतात ते बरोबरच आहे, पण आत गादी, कपाट, सुटी शेगडी एवढंच ठेवणारे पण बरेच फिरतात, त्यांना कोण अडवत नाही हे पण खरं.

---

चिक्कोडी_कागदवाला

अडवत नाही तोवर खरं. ॲक्सिडेंट झाला की मग सगळे आरसी उघडून बघतात. सीट काढली तरी सीटिंग कपॅसिटी बदलते साहेब.

---

खानापूर_रानवाट

राहायचं कुठं हे कुणी लिहिलंच नाही म्हणून मी.

खानापूर तालुक्यात रस्त्याकडेला रान दिसलं की गाडी घालू नका. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, आजूबाजूला पण बराच भाग वनखात्याचा, रात्री थांबलात तर गार्ड उठवतो आणि त्याचं बरोबरच आहे, अस्वलं आहेत, गवे आहेत. कणकुंबीला माउली देवळाजवळ, मलप्रभेचा उगम आहे तिथं, गावात विचारून थांबता येतं. हलशीला पण देवळाबाहेर गावकऱ्यांना विचारून. हिडकल, नविलुतीर्थ साईडला पाण्याच्या अगदी काठाला लावू नका, माती वरनं वाळलेली दिसते आणि ट्रॅव्हलरचं चाक आत जातं. सौंदत्तीला पौर्णिमेला मोटरहोम न्यायचंच नाही, यल्लम्माच्या डोंगरावर मुंगीला जागा नसते, मधल्या वारी जा, आईंना पण दर्शन नीट होईल. पूर्वेकडं गेलात की मराठी कमी होतं, तोडकं मोडकं कन्नड बोला, पाणी पण मिळतं आणि चहा पण.

घाट. गोव्याला जायला अनमोड बरा, वळणं मोठी आहेत, चोर्ल्याला पावसात खड्डे आणि धुकं, दिवसा जा. तिलारीतनं नको, उतार फार खडा आणि वळणं आखूड, भरलेल्या गाडीचे ब्रेक तापतात. ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा. छतावर सोलर आणि व्हेंट धरून गाडीची उंची मोजा आणि आकडा डॅशबोर्डवर चिकटवा, पार्किंगच्या आडव्या दांड्याला सोलर काढून ठेवलेले बघितलेत. गोव्यात टूरिस्टांना उघड्यावर स्वयंपाक करायला बंदी आहे, बीचवर शेगडी मांडू नका, जे काय ते गाडीत.

आणि ऊसाच्या सीझनला रात्री चिक्कोडी-निपाणी पट्ट्यात चालवायचं टाळा. ट्रॉलीला मागं लाईट नसते, रिफ्लेक्टरवर चिखल.

---

वडगावकर_२२

सगळ्यांचे लई आभार. मिसेसला हिशोब दाखवला, एसीचं भांडण मिटलं, आता दोन पंखे कुठं लावायचे यावर सुरू झालंय. ईको कॅन्सल. रविवारी चुंबक आणि टॉर्च घेऊन कोल्हापूरला जातोय. परमिटचं ऑनलाईन बघितलं, टॅक्स थकलेला दिसतोय, मालकाला फोन केला तर म्हणाला ‘ते काय, भरू की’. मेव्हण्याला शेडचं विचारलं, तो म्हणतोय पत्र्याचे पैसे निम्मे निम्मे. वेल्डरभाऊ, पाईप मालकाकडं असेल काय नसेल, बादलीनं चालतंय?

---

उद्यमबागचा_वेल्डर

बादलीनं नाही, पाणी एकदम पडतंय आणि पुढं वाहून जातंय. वीस फुटाचा बागेचा पाईप आणि दोन साईजचे क्लॅम्प घेऊन जा, नळ कसला असेल सांगता येत नाही. थकलेल्या टॅक्सची पावती बघितल्याशिवाय विसार देऊ नका. आणि इंजिन गार असताना चालू करायला लावा, तुम्ही पोचायच्या आधी त्यानं गरम करून ठेवलेलं असलं तर बॉनेटला हात लावून कळतंय. शेडचं माप लागलं तर सांगा, उंची व्हेंट धरून वर दोन फूट मोकळं ठेवून करू.